आखूडशिंगी, बहुदुधी स्की हवी!

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गुलमर्ग, सोलंग, औली इथे स्कीइंग शिकून आलेल्यांची पुढची उडी हल्ली टूरिंगकडे असते. म्हणजे लिफ्ट नाही, दाबून सपाट केलेला उतार नाही. स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, चिकटवायची, टाच मोकळी सोडायची, डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा, माथ्यावर स्किन काढून टाच अडकवायची आणि उतरायचे. या महिन्याच्या टपालात बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते : अशा कामाला स्की किती लांबीची घ्यावी? चढताना आखूड आणि उतरताना लांब, अशी स्की प्रत्येकालाच हवी असते. ती कोणी बनवत नाही. त्यामुळे कशाच्या बदल्यात काय सोडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, एवढेच हाती उरते.

प्रश्न : उंची १७२ सेंमी, वजन ६४ किलो. गुलमर्गला दोन कोर्स झाले. तिथे "हनुवटीपर्यंत" या हिशेबाने १५० ची स्की मिळाली होती. आता स्वतःची पहिली टूरिंग स्की घ्यायची आहे, तर कंपनीचा तक्ता माझ्या उंचीसमोर १७० ते १७८ दाखवतो. ऐकायचे कोणाचे? वापर निम्मा फेब्रुवारीतल्या गुलमर्गमध्ये, निम्मा एप्रिलमध्ये मनालीच्या वर. (पुणे)

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघांनाही तुमचा डोंगर माहीत नाही. हनुवटीचा नियम शिकाऊ माणसासाठी असतो. दाबून सपाट केलेला उतार, वेग कमी, वळण पटकन यायला हवे, म्हणून आखूड स्की. तीच १५० ची स्की गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर ताज्या भुसभुशीत बर्फात घातली की टोक बुडते. ते वर ठेवायला तुम्ही मागे रेलता आणि अर्ध्या तासात मांड्या पेटतात. कंपनीचा तक्ता दुसऱ्या टोकाचा. तो बहुधा लिफ्टने चढणाऱ्या, चांगल्या वेगाने उतरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो.

उंचीपेक्षा वजन आधी पाहा. स्कीला तुमची उंची कळत नाही, तिला फक्त भार कळतो. तोही काट्यावरचा ६४ किलो नव्हे. टूरिंग बुटांची जोडी अडीच ते तीन किलो. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून बघायची प्रोब काठी आणि फावडे मिळून एक-दीड किलो. त्यात पाणी, कपडे, खाणे, दोरी आणि पाठपिशवी आली. तुमचा खरा आकडा ७५ च्या आसपास जातो. तुमच्याच उंचीच्या ८५ किलोच्या माणसाचा तो ९६ होतो. दोघांना एकच लांबी सांगणारा तक्ता एकाला तरी चुकीची स्की देणारच.

त्यानंतर स्कीचा आकार. दुकानात दोन वेगवेगळ्या मॉडेलच्या १७० च्या स्की घ्या आणि गुळगुळीत फरशीवर ठेवा. मधोमध हाताने दाब द्या, म्हणजे कमान, म्हणजेच कॅम्बर, जमिनीला टेकेल. आता टोकाकडून एक व्हिजिटिंग कार्ड स्कीखाली सरकवत न्या. जिथे अडेल तिथे चिकटपट्टी लावा. शेपटीकडूनही तसेच करा आणि दोन खुणांमधले अंतर मोजा. एका स्कीत ते १४० निघेल, दुसरीत १२० च्या खालीही जाईल. दुसरीचे टोक लवकर उचललेले आहे, त्याला रॉकर म्हणतात. पहाटेच्या गोठलेल्या बर्फावर आडवे जाताना कड धरते ती या दोन खुणांच्या मधली. बाकीची लांबी हवेत असते. भुसभुशीत बर्फात मात्र उचललेला भागही टेकतो आणि तरंगायला मदत करतो. म्हणून भरपूर रॉकरची स्की एक माप लांब घेतली तरी वळायला जड जात नाही, आणि सरळ, पूर्ण कॅम्बरची स्की एक माप आखूड चालते. लांबीचा तक्ता हे काही सांगत नाही, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

तरंगण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, ८८ मिमी असलेल्या स्कीची सरासरी रुंदी साधारण १०.३ सेंमी येते. १६४ लांबीला क्षेत्रफळ १,६९० चौसेंमीच्या आसपास. तीच स्की १७२ घेतली तर १,७७० च्या आसपास, म्हणजे पाच टक्के वाढ. त्याऐवजी लांबी १६४ च ठेवून कंबर ९८ घेतली तर आठ-नऊ टक्के वाढते. थोडक्यात, बुडणे टाळायचे तर रुंदी जास्त कामाची. लांबीचा मुख्य फायदा पुढे-मागे तोल सावरण्यात आणि वेगात स्की न थरथरण्यात आहे.

वजनाची भीती मात्र अनाठायी. एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या दोन मापांत एका स्कीमागे साधारण पन्नास-साठ ग्रॅमचा फरक असतो. हजार मीटर चढायला सहा-आठ हजार पावले लागतात, त्यामुळे पायावरचा प्रत्येक ग्रॅम जाणवतो हे खरेच. पण बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, हलके घेतले तर एका पायामागे दोन-तीनशे ग्रॅम सहज वाचतात. वजन तिथे वाचवा. लांबीला कात्री लावून वाचवू नका.

तुमच्यासाठी उत्तर : कंबर ९० च्या आसपास, टोकाला मध्यम रॉकर, लांबी १७०. मॉडेलमध्ये १६४ आणि १७० अशी मापे असतील आणि गुलमर्ग पुढे कमी होणार असेल, तर १६४ ही चूक ठरणार नाही. १७६ मात्र नको. आणि एक खुलासा : लेबलवरची लांबी कोणी टोकापासून शेपटीपर्यंत सरळ रेषेत मोजतो, कोणी तळाच्या वळणाबरोबर. दोन कंपन्यांच्या १७० मध्ये एक-दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर तो दोष समजू नका.

प्रश्न : मी १५६ सेंमी, ५० किलो. गेल्या मोसमात भाड्याने टूरिंग सेट घेतला. १६३ पेक्षा आखूड शिल्लक नव्हता. सरळ चढ जमला, पण नागमोडी चढताना प्रत्येक वळणावर पडले. लांबीमुळे, की माझेच चुकत होते? (नाशिक)

दोन्ही, पण लांबीचा वाटा मोठा. आणि भाड्याच्या दुकानांत कमी वजनाच्या बायकांसाठीची मापे कायम कमी असतात, ही तक्रार तुमची एकटीची नाही.

तीव्र चढावरचे वळण, म्हणजे किक टर्न, नीट उलगडून पाहू. आडव्या वाटेवर थांबायचे. दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शक्य तितक्या सपाट. काठ्या रोवायच्या. वरच्या बाजूची स्की उचलून नव्या दिशेला वळवायची आणि बर्फावर घट्ट टेकवायची. या क्षणी पाय नर्तकीसारखे उलटसुलट असतात. भार त्या स्कीवर न्यायचा. आता खालचा पाय उचलायचा आणि टाचेने मागे झटका द्यायचा. टाच स्कीवर आपटते, शेपूट खाली जाते, टोक वर उसळते आणि उताराला न अडकता फिरून येते. बहुतेक लोक याच झटक्यापाशी पडतात.

इथे लांबी कुठे आडवी येते? पिन बाइंडिंगमध्ये स्की बुटाच्या टोकाशी असलेल्या दोन खिळ्यांवर झुलते. १७० च्या स्कीवर या खिळ्यांपासून टोकापर्यंत साधारण ८० सेंमी असतात. लांबी आठ सेंटिमीटरने वाढली तर त्यातले जवळपास चार पुढे जातात आणि चार मागे. पुढचे चार तीस अंशांच्या चढात रुततात. मागचे चार तुमच्याच दुसऱ्या पायाच्या पोटरीला किंवा मागच्या बर्फाला लागतात. पाय जितका आखूड, तितकी टोक सोडवायला उंची कमी मिळते. त्यामुळे १५६ उंचीला १६३ ची स्की म्हणजे १८० च्या माणसाला १८७ देण्यासारखे झाले.

दुसरा मुद्दा उतारावरचा. एकाच मॉडेलचे लांब माप सहसा जड माणसाला गृहीत धरून कडक बनवलेले असते. ५० किलोने ते वाकतच नाही. स्की वाकली नाही की वळणाची कमान बनत नाही, आणि मग माणूस अंग फेकून वळवू लागतो. घोटे आणि गुडघे दुखले असतील तर कारण हे.

तुम्ही १४८ ते १५४ या पट्ट्यात पाहा. स्वतःची घेणार असाल तर कंबर ८५ च्या आसपास, मऊ, रॉकर टोकाची १५२-१५३. भाड्यानेच घ्यायची आणि लांबच मिळाली, तर त्यातल्या त्यात हलकी, मऊ आणि शेपूट सपाट असलेली निवडा. वर वळलेली जुळी टोके टाळा. किक टर्नची जागाही निवडायची असते : जिथे वाट क्षणभर सपाट होते तिथे थांबा. नसेल तर वरची स्की ठेवायला पावलाने फळीएवढी जागा तुडवून घ्या. सराव घरच्या गालिच्यावर होतो. झटक्याची वेळ जमेपर्यंत एकाच पायाने वीस-वीस वेळा करा, खालच्या मजल्यावरच्यांची परवानगी घेऊन.

प्रश्न : झुरिकमध्ये नोकरी. उंची १८१, वजन ८३. हिवाळ्यात १७८ लांब, ९६ कंबरेची स्की वापरतो आणि खूश आहे. आता एप्रिल-मेमध्ये आल्प्समधली चार हजार मीटरची शिखरे, बर्फाच्या घळी आणि कधीतरी शामोनी ते झेरमाट असे सलग दिवस करायचे आहेत. दुसरी जोडी किती आखूड घेऊ? मित्र म्हणतो, शर्यतवाल्यांसारखी १६० घे. (झुरिक)

शर्यतवाले १६० वापरतात ते त्यांना ती उत्तम वाटते म्हणून नव्हे. आंतरराष्ट्रीय स्की माउंटेनीअरिंग महासंघाच्या नियमात पुरुषांसाठी किमान लांबी १६० आणि महिलांसाठी १५० आहे, म्हणून सगळे त्या तळाला येऊन थांबतात. २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकच्या यादीत हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हापासून दुकानांत अशा काडीसारख्या स्की जास्त दिसू लागल्या. त्यांची कंबर ६५ मिमीच्या आसपास असते आणि शर्यतवाल्यांच्या पाठीवर जवळपास काही नसते. तुमच्या पाठीवर दोरी, हार्नेस, क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे), बर्फाची कुऱ्हाड आणि रात्रीचे सामान असणार. एकूण भार पंच्याण्णव किलो. दुपारी बर्फ मऊ झाला की १६० ची अरुंद स्की घोट्यापर्यंत जाईल.

तुमच्यासाठी १७० च्या आसपास, म्हणजे उंचीपेक्षा दहा-बारा सेंमी कमी, आणि कंबर ८० ते ८५. कारणे महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात मोठे कारण, स्की पाठीवर असताना काय होते. घळ चढताना स्की पिशवीच्या दोन्ही बाजूंना लावून वर टोके बांधतात, इंग्रजी ए सारखी. तीव्र चढावर पाऊल उचलले की शेपट्या पोटऱ्यांना लागतात. तोंड बाहेर करून उतरताना त्या मागच्या बर्फावर टेकतात आणि तुम्हाला पुढे ढकलतात. तुमची १७८ आणि तुमची उंची यांत तीनच सेंटिमीटरचा फरक आहे. शेपट्या पायांना लागू नयेत म्हणून उंच बांधली तर टोके डोक्याच्या बरीच वर जातात, आणि खडकाच्या कपारीत किंवा वाऱ्यात तीच अडचण बनतात. दहा सेंटिमीटर गेले की दोन्हीकडे मोकळीक मिळते. बांधताना शेपटी गुडघ्याच्या मागच्या खोबणीच्या वर राहील असे पाहा आणि चार मोठी पावले टाकून खात्री करा. हे गाडीतळावर करायचे काम आहे, घळीत नव्हे.

दुसरे, चाळीस-पंचेचाळीस अंशांवरची उडी मारून घेतलेली वळणे. तिथे स्की हवेत फिरवावी लागते, आणि फिरवायला जड पडतात ती टोके. म्हणून लांबीतले दहा सेंमी एकूण वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त जाणवतात.

कडक बर्फावर आखूड स्की धरत नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. आखूड कडेवर तोच भार कमी लांबीत एकवटतो, त्यामुळे चावा उलट जास्त बसतो. धरत नाही ती बहुधा रुंद स्की, कारण बुटापासून कड जितकी बाहेर, तितका घोट्याला पीळ जास्त. ९६ वरून ८२ वर आलात की हा फरक पहिल्याच आडव्या वाटेवर कळेल. लांब स्कीचे देणे वेगळे आहे : वेगात आणि खडबडीत गोठलेल्या बर्फावर ती शांत राहते. आखूड स्की तिथे थरथरते, तेव्हा वेग कमी ठेवावा लागेल. हिमनदीवर लांब स्की भेगेवरच्या बर्फाच्या पुलावर भारही जास्त जागेत पसरवते. १७० आणि १७८ मध्ये हा फरक असला तरी, दोरी बांधायची की नाही हे त्यावरून ठरवण्याएवढा नाही.

शेपूट सपाट असलीच पाहिजे. अशी स्की बर्फात उभी रोवता येते. भेगेत पडलेल्याला काढताना दोन्ही स्की एकत्र बांधून, ओढण्याच्या दिशेला आडव्या खणलेल्या चरात पुरतात आणि मध्यभागी स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टीचा वेढा, घालतात. तिथे स्लिंगखाली हातमोजा किंवा कापड घाला, पोलादी कड स्लिंग कापते. स्कीचे क्रॅम्पॉन नवे घ्यावे लागतील, पण ते लांबीवर नव्हे, कंबरेवर ठरतात : कंबरेपेक्षा थोडेसेच रुंद. ९६ चे क्रॅम्पॉन ८२ वर सैल हलतात आणि कडक आडव्या उतारावर नेमकी नको तेव्हा पकड सोडतात.

प्रश्न : जुन्या स्कीच्या (१७७, कंबर ९५) स्किन आहेत. नवी स्की १६८, कंबर ८४. त्याच कापून वापरता येतील का? (ठाणे)

येतील. लांब-रुंदाची आखूड-अरुंद करता येते, उलट नाही. आधी गोंद तपासा. स्किन स्वतःवर दुमडून ओढली तर जोर लावावा लागला पाहिजे. सहज सुटली किंवा गोंदाचे गोळे स्कीवर राहिले, तर कापण्याचे कष्ट घेऊ नका.

लांबी कापायची ती ज्या बाजूची पकड काढून पुन्हा बसवता येते त्या बाजूने, बहुतेक वेळा शेपटीकडून. तिथली ताणपट्टी नव्या जागी बसवताना ती ओढायला जागा उरली पाहिजे, सैल स्किनमध्ये बर्फ शिरतो आणि मग ती टिकत नाही. केस शेपटीच्या दिशेला झुकलेले आहेत ना, हे कापण्यापूर्वी हात फिरवून दोनदा बघा.

रुंदीची युक्ती अशी. स्किन चिकटवा आणि डावी बाजू स्कीच्या कडेला लावून कापा. मग सोडवून उजवीकडे चार मिलिमीटर सरकवून पुन्हा चिकटवा आणि उजवी बाजू कडेला लावून कापा. शेवटी मधोमध बसवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर पोलाद उघडे राहील. ते राहिले नाही तर आडव्या वाटेवर कड बर्फाला टेकतच नाही आणि माणूस घसरतो. ब्लेड नवे घ्या, थंड गोंद कापताना ओढला जातो म्हणून काम खोलीच्या उबेत करा.

प्रश्न : स्कीइंग येत नाही, गिर्यारोहणाचा कोर्स झाला आहे. मे-जूनमध्ये हिमालयात सहा हजारी शिखर करताना बेस कॅम्पच्या वरच्या लांब बर्फाळ पट्ट्यासाठी १२० सेंमीच्या आखूड स्की, गिर्यारोहणाच्याच बुटांवर, कशा? वजन कमी, बांधायला सोप्या. (मुंबई)

नका घेऊ. स्नोशू, म्हणजे बर्फात न बुडता चालायला बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घ्या.

कारण लांबीइतकेच बुटाचे आहे. गिर्यारोहणाच्या बुटाचा घोट्यावरचा भाग बाजूला झुकतो. कडेवर उभे राहायला जो ताठपणा लागतो तो त्यात नाही. सपाटीवर आणि अगदी मंद चढावर अशा रुंद, तळाला कायमची स्किन असलेल्या आखूड स्की छान सरकतात. उतार वीस अंशांवर गेला, वरचा थर कवचासारखा फुटू लागला आणि पाठीवर पंधरा किलो असले, की न शिकलेला माणूस दर शंभर मीटरला बसतो. क्षेत्रफळातही फार काही मिळत नाही : १२० गुणिले १२ म्हणजे १,४४० चौसेंमी, एका साध्या टूरिंग स्कीपेक्षा कमीच. आणि मे-जूनमध्ये पहाटे तो पट्टा गोठलेला असतो, क्रॅम्पॉनवर झरझर पार होतो. त्रास दुपारी परतताना होतो, तेव्हा लवकर निघणे हाच खरा उपाय आहे.

कातडे लावलेल्या आणि आखूड स्कींचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. चीनमधल्या अल्ताई डोंगरांत घोड्याचे कातडे लावलेल्या रुंद लाकडी स्की आणि एकच काठी घेऊन लोक जंगल चढतात-उतरतात. आल्प्समध्ये ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डच्या माथियास झडार्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेच्या लांब स्की तीव्र उताराला निरुपयोगी ठरवून आखूड केल्या. तेही एकच काठी वापरत. आजचा आपला वाद तेव्हाही चालूच होता. पण ही सगळी माणसे आधी स्कीवर उभी राहायला शिकलेली होती. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत एक हिवाळा घालवलात, तर दोन वर्षांनी तुमचा प्रश्न वेगळा असेल.

प्रश्न : म्युनिकमध्ये शिकतो. उंची १७८, वजन ८०. जुन्या सामानाच्या बाजारात १८४ ची टूरिंग स्की बाइंडिंगसकट निम्म्या किमतीत मिळते आहे. टूरिंगला नवीन आहे. घेऊ का? आणि स्की लांब असेल तर बाइंडिंगचा सुटण्याचा आकडा वाढवावा लागतो का? (म्युनिक)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते गुडघ्याचे आहे. नाही. सुटण्याचा आकडा, म्हणजे पडताना किती जोराला बूट मोकळा व्हावा ते माप, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची स्कीची पद्धत यांवरून ठरतो. त्या हिशेबात स्कीची लांबी येतच नाही. उलट लांब स्की पायाला लांब तरफेने पिळते, त्यामुळे वेळेवर सुटणे अधिकच गरजेचे. आकडा दुकानातल्या तंत्रज्ञाकडून लावून घ्या. पिन बाइंडिंगची पुढची कळ चढताना लॉक करतात. ती उतरण्याआधी उघडायची राहिली तर पुढचा भाग सुटतच नाही, आकडा काहीही असो. हा दोष नवख्यांपेक्षा दमलेल्या अनुभवी लोकांत जास्त दिसतो.

१८४ नवख्याला लांब आहे. तुम्हाला १७२ ते १७६ बसेल. भरपूर रॉकर असेल आणि खोल बर्फातच जाणार असाल तर १८० पर्यंत ओढता येईल, त्यापुढे नाही. किक टर्न शिकतानाच कंटाळा येईल आणि स्की माळ्यावर जाईल. स्वस्तातले महागात म्हणतात ते हेच.

योग्य लांबीची जुनी जोडी सापडली तर हे बघा. बाइंडिंग सरकवून तुमचा बूट बसतो का. टूरिंग बाइंडिंगची पट्टी कधी दोन-तीन सेंटिमीटरच सरकते, काही वेळा अजिबात नाही. नसेल बसत तर नवी भोके पाडावी लागतात. जुन्या आणि नव्या भोकांत सेंटिमीटरभर तरी अंतर हवे, आणि आधीच दोनदा भोके पडलेली स्की सोडून द्या. कडेला नखाने टोकरत पूर्ण लांबी फिरा. पोलादी कड आणि बाजूची भिंत यांत फट असेल तर आत पाणी गेलेले असते. दोन्ही स्की तळाला तळ लावून दाबा आणि सोडा. कमान दोन्हींत सारखी राहिली नसेल तर एक स्की दमलेली आहे.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात स्की आणि स्किन कुठे ठेवायच्या? (नागपूर)

माळ्यावर नाही आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. पंचेचाळीस अंशांत स्किनचा गोंद पातळ होतो, केसांत उतरतो आणि पुढच्या हिवाळ्यात तळाला थर ठेवून जातो. स्किन आधी सावलीत पूर्ण वाळवा, जाळी किंवा मूळचा कागद मध्ये घालून दुमडा आणि घरातल्या सगळ्यात थंड कपाटात खाली ठेवा. फ्रिजमध्ये जागा असेल तर हवाबंद पिशवीत घालून ठेवलेल्याही चालतात.

स्कीच्या कडा कोरड्या पुसा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर हे दुप्पट काळजीने, कारण दमट पिशवीत पंधरा दिवसांत गंज चढतो. आलाच तर बारीक रबरी घासणीने काढा. तळावर मेणाचा जाडसर थर देऊन तो न खरवडता तसाच राहू द्या, कडांवरही ओघळू द्या. बाइंडिंगचे आकडे कागदावर लिहून ठेवा. आणि दोन्ही स्की एकमेकींना करकचून बांधू नका. टोकाशी एक आणि शेपटीशी एक सैल पट्टा पुरे, मधली कमान मोकळी राहिली पाहिजे.